परीक्षेला बसलेल्या गाड्या

दिवाळी झाली की आमचा पाडा रिकामा व्हायचा. भात कापून झालेलं असायचं, नागली घरात आलेली असायची, आणि ती होळीपर्यंत पुरणार नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. मग एक दिवस पिकअप यायची. पेठच्या बाजूच्या आमच्या डोंगरातून दिंडोरी-पिंपळगावच्या द्राक्षबागांपर्यंत माणसं वाहून न्यायची ही तिची कामगिरी. माणसं म्हणतेय खरी, पण गाडीच्या कागदावर 'मालवाहू' असं लिहिलेलं होतं आणि गाडीवाला त्या कागदाशी एकदम प्रामाणिक होता. आधी अंथरुणं आणि भांडी, त्यावर बायका, बायकांवर पोरं, पोरांवर कोंबड्या. गडी माणसं कडेच्या फळ्यांना लटकून. धूर खालच्या पत्र्यातल्या भोकातून वर यायचा. बागेत पोचेपर्यंत सगळ्यांची तोंडं चुलीतून काढल्यासारखी झालेली असायची आणि बागाईतदार विचारायचा, "अंघोळी करत नाय का रे तुम्ही?"

जाताना घाट चढायचा, म्हणजे गाडी रडत रडत का होईना जायची. खरी गंमत परतीची. शिमग्याला सगळ्यांना घर गाठायचं असायचं, गाडी जास्तच ठासलेली, आणि पुढे उतार. गाडीवाला ब्रेक दाबायचा, जळका वास सुटायचा आणि बायका एकदम गप्प व्हायच्या. माझा बा एक पाय फळीबाहेर काढून बसायचा, वेळ आली तर उडी मारायला. एका वर्षी ती वेळ आली. गाडीवाल्याने शेवटी गाडी डोंगराच्या कुशीत घातली. बा उडी मारायला तयार होता, पण गाडी नेमकी त्याच्याच बाजूने कलंडली. पाय मोडला तो धड जुळलाच नाही. त्या दिवशी कुणी मेलं नाही, म्हणून पेपरातही आलं नाही. त्यानंतर छाटणीची कात्री आईच्या एकटीच्या हातात आली आणि बा घरी बसून आम्हाला शिव्या द्यायला लागला. शिव्या मात्र चांगल्या द्यायचा.

मला आश्रमशाळेत घातलं, त्यामागे शिक्षणाची ओढ वगैरे काही नव्हतं. तिथे जेवण मिळायचं. पण जेवता जेवता मी शिकले. गणित बरं निघालं, मग नाशिकचं वसतिगृह, मग इंजिनिअरिंग. मेकॅनिकलच्या वर्गात मुली मोजक्या, आणि आमच्या बाजूची मी एकटी. प्रवेशाच्या दिवशी एका मुलाने विचारलं, "तुमच्याकडे रस्ता आहे का गं?" मी म्हटलं, "रस्ता हाय, ब्रेक नाय." तो हसला. मी विनोद केलाच नव्हता.

पास झाले. आमच्या पाड्यावरची पहिली ग्रॅज्युएट. हे मी विनयाने वगैरे सांगणार नाही. ज्यांच्या घरात पणजोबांपासून पदव्या आहेत त्यांनी विनय बाळगावा, त्यांना परवडतो.

नोकरी लागली ती एमआयडीसीतल्या एका कंपनीत, छोटे पिकअप बनवणाऱ्या. तुमच्या मनात जी आली ती नाही. आमची एवढी मोठी नाही, पण गेटवरचा वॉचमन सलाम ठोकतो इतपत आहे. इंदिरानगरला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली. माझा विभाग चाचणीचा. आईला फोनवर सांगितलं, की गाड्या तयार झाल्या की त्या नीट चालतात का, थांबतात का, धूर किती सोडतात, ते बघायचं माझं काम.

आई म्हणाली, "म्हंजी गाड्यांची मास्तरीण झालीस."

"तसंच धर."

"मंग नापास करशील का गं कुणाला?"

मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "करीन की." तेव्हा मला कुठे माहीत, की आमच्या कारखान्यात नापास व्हायची पद्धतच नव्हती.

पद्धत अशी होती. सरकारमान्य संस्थेचा तपासणी अधिकारी अधूनमधून यायचा. कंपनीने मंजुरीच्या वेळी दाखवली होती तशीच गाडी अजून बनवतेय का, हे बघायला. त्याने आवारात उभ्या असलेल्या गाड्यांतून वाटेल ती निवडायची आणि तिची चाचणी घ्यायची. कागदावर इतकं साधं. पण तो यायच्या आधी काही गाड्या मागच्या शेडमध्ये जायच्या. तिथे त्यांचे ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, काढून चांगले, महागाचे लायनर बसायचे, इंजिनची खास सफाई व्हायची, फिल्टर नवे लागायचे. मग त्या गाड्या आवारात अगदी पुढच्या रांगेत उभ्या राहायच्या. त्या रांगेच्या शेजारी गुलमोहर, गुलमोहराखाली खुर्च्या, खुर्च्यांवर चहा. अधिकारी चहा पिता पिता समोरच्या गाडीकडे बोट करायचा. ज्याला ऊन लागतं तो माणूस लांबची गाडी कशाला निवडेल?

शेडमधलं हे काम एका जुन्या फिटरकडे होतं. सिन्नरकडचे, गळ्यात माळ, कपाळाला टिळा. सगळे त्यांना काका म्हणायचे. मी पहिल्यांदा शेडमध्ये डोकावले तेव्हा विचारलं, "काका, याच गाड्यांना वेगळे लायनर का?"

काका म्हणाले, "मॅडम, घरात परीक्षेला बसणारं पोर असलं तर दूध कुणाला देता? त्यालाच ना? बाकीच्यांना चहा."

"आणि बाकीच्या गाड्या?"

"त्या कुठं परीक्षेला बसल्यात!"

त्यांच्या आवाजात लबाडी औषधालासुद्धा नव्हती. त्यांना खरंच वाटायचं, की हे गाड्यांचं संगोपन आहे.

बाकीच्या गाड्या मी स्वतः तपासल्या. गरम ब्रेकची चाचणी म्हणून एक प्रकार असतो. गाडी पूर्ण भरायची, वेगात न्यायची, ब्रेक दाबायचा, पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक, मध्ये दम खाऊ द्यायचा नाही. ड्रम तापले की शेवटचा ब्रेक, आणि तेव्हा गाडी रेषेच्या आत थांबली पाहिजे. घाट उतरताना जे होतं, तेच सपाटीवर करून बघायचं. स्वस्त लायनरच्या गाड्या थंड असताना शहाण्यासारख्या थांबायच्या. तापल्या की पायाखाली ब्रेक असूनही गाडी पुढे पुढेच. आणि तो वास. तो वास मला कॉलेजात कुणी शिकवला नव्हता.

मी आमच्या विभागाच्या साहेबांना रिपोर्ट दिला. साहेब गोरे, गुळगुळीत, कायम सेंट मारलेले. वाचून म्हणाले, "तुम्ही गाडी फार गरम करता मॅडम. कस्टमर इतका ब्रेक दाबतच नाही."

"घाटात दाबतो सर."

"आपला टार्गेट कस्टमर शहरातला आहे."

म्हणजे घाटातल्या माणसाने ब्रेक दाबायचा असेल तर त्याने शहरात राहायला यावं.

मी नवीन होते, अजून कायम झालेले नव्हते, हे साहेबांना माहीत होतं आणि ते मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. रिपोर्ट त्यांच्या टेबलावरच राहिला. मी दुसरा दिला. तोही राहिला. टेबल मोठं होतं.

फसवायला एवढी मोठी कंपनीच लागते असंही नाही म्हणा. त्याच आठवड्यात माझ्या मैत्रिणीने तिच्या स्कूटरची पीयूसी काढली. नंबरप्लेटचा फोटो मोबाइलवर पाठवला, सर्टिफिकेट आलं. स्कूटर तेव्हा सर्व्हिसिंगला खोललेली होती, इंजिन बाहेर काढून ठेवलेलं. इंजिनशिवाय धूर अगदी प्रमाणात निघाला. आम्ही पोट धरून हसलो, मग ती म्हणाली, "अगं, तुमच्याकडेही हेच करतात ना?" तिथून पुढे मला हसू आलं नाही.

आणि मग दादाचा फोन. माझा मोठा भाऊ. त्याने बरीच वर्षं दुसऱ्याची गाडी चालवली होती. आता स्वतःची घेत होता.

"बाय, गाडी बुक केली. तुझ्याच कंपनीची!"

मी म्हटलं, "कशाला घेतलीस? दुसरी बघ की."

"अशी कशी दुसरी? तू पास करतेस नं त्या? लोकांना सांगतो मी, भैनीच्या हाताखालून आलेली गाडी हाय. या सीझनला आपल्या पाड्याची माणसं आपल्याच गाडीत. आई तर म्हणते मी फुडं बसणार, काचंतून बघत."

मी सांगून पाहिलं. ब्रेक बरोबर नाहीत म्हटलं. तो हसला. "मंग बरोबर कर की. त्याच्यासाठीच तर शिकवली तुला." आणि फोन ठेवून दिला. दिवाळीनंतर गाडी ताब्यात मिळणार होती. दिवाळीनंतर पाडा घाट चढणार-उतरणार होता.

त्या वर्षी अधिकारी यायचा मुहूर्त दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा निघाला. खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रपूजा असते. लेथला, प्रेसला, क्रेनला झेंडूच्या माळा, हळदकुंकू, पेढे. वेल्डिंगचे चाचा मालेगावचे; नारळ फोडायला दरवर्षी तेच, कारण एका फटक्यात दोन सारखी भकलं फक्त त्यांच्याच हाताने व्हायची. काम बंद, सगळ्यांचे कपडे नवे, साहेब लोक फोटोपुरते. दसऱ्याला सुट्टी. साहेब त्या दोन दिवसांत गावी गेले होते, आणि कारखान्यात जे व्हायचं ते झालं.

दसऱ्यानंतरच्या सकाळी मी गेटमधून आत आले आणि जागीच थांबले. आवारात गाड्याच गाड्या उभ्या, साध्या, धुळकट, कबुतरांनी आशीर्वाद दिलेल्या. आणि गुलमोहरासमोर परीक्षेच्या गाड्या. प्रत्येकीला झेंडूची भरगच्च माळ. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. बंपरला लिंबू-मिरची. वायपरमध्ये आपट्याची पानं खोचलेली. चाकांपुढे नारळाचं पाणी सांडलेलं. लग्नातल्या करवल्या उभ्या असाव्यात तशा.

साहेबांची कार आली. साहेब उतरले, पाहिलं, आणि त्यांचा सेंटचा वाससुद्धा उतरल्यासारखा वाटला. "हे कुणी केलं?"

काका पुढे झाले, छाती काढून. "मी. यंत्रांची पूजा झाली, मग म्हटलं या बिचाऱ्यांवर तर सगळ्या कंपनीची इज्जत."

"काढा ते! आत्ताच्या आत्ता काढा!"

"दसऱ्याची माळ हातानं काढत नाही साहेब. ती सुकून आपोआप पडली पाहिजे."

"मी सांगतोय ना, काढा!"

"तुम्ही काढा," काका म्हणाले. "मला पोरंबाळं आहेत."

साहेबांनाही पोरंबाळं होती. माळेपर्यंत त्यांचा हात गेला आणि परत आला. तेवढ्यात गेटवर गाडीचा हॉर्न वाजला.

या वेळचा अधिकारी नवा होता. तरुण, बारीक, टोपी घातलेला. खुर्ची पुढे केली तर म्हणाला, "बसूनच आलोय." मग गाड्यांकडे पाहून त्याने सहज विचारलं, "बाकीच्यांना का नाही माळा?"

साहेबांनी तोंड उघडलं. पण प्रश्न देवाधर्माचा होता, तेव्हा उत्तराचा मान काकांनी घेतला. "साहेब, बाकीच्यांना कशाला? परीक्षेला तर ह्याच बसणार आहेत!"

मी गुलमोहराकडे बघायला लागले. झाडावर बघण्यासारखं काही नव्हतं.

अधिकारी हसला नाही, रागावलाही नाही. त्याने टोपी सरळ केली आणि उन्हात चालायला लागला. रांगांमागून रांगा ओलांडत थेट कंपाउंडच्या भिंतीपाशी गेला आणि कबुतरांची सर्वाधिक कृपा असलेल्या गाडीच्या टपावर थाप मारली. "ही."

काकांना फार लागलं ते. माझ्या कानाशी म्हणाले, "मॅडम, नैवेद्य देवापुढं ठेवायचा आणि जेवायला शेजाऱ्याला बसवायचं, असं झालं हे."

गाडीत वाळूच्या गोण्या भरायला सुरुवात झाली. चाचणी मी घ्यायची होती, गाडी काका चालवणार होते. तेवढ्यात साहेबांनी मला टूल रूमच्या मागे बोलावलं.

"हे बघा मॅडम, शांतपणे घ्या. हॉट टेस्टमधल्या शेवटच्या ब्रेकच्या आधी जरा ब्रेक द्या. म्हणजे चहाचा. कँटीनच्या मावशींना सांगून ठेवलंय, त्या ट्रे घेऊन ट्रॅकवर येतील. अधिकाऱ्यांच्या हातात कप दिला की आपोआप थोडा वेळ जातो. ड्रम थंड. समजलं ना?"

समजलं होतं. आख्ख्या कंपनीची अब्रू चहावर आली होती.

मी म्हटलं, "सर, माझ्या भावाने हेच मॉडेल बुक केलंय. घाटात चालवणार. माझी आई पुढे बसणार आणि मागे आख्खा पाडा."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "मग आधी सांगायचं ना! तुमच्या भावाच्या गाडीला आपण चांगले लायनर टाकू. स्पेशल. कुणाला कळणार नाही. घरचीच गोष्ट आहे."

खोटं कशाला बोलू, मोह झाला. आई काचेतून घाट बघतेय असं डोळ्यापुढे आलं. फक्त मान हलवायची होती. आईची गाडी थांबली असती, माझी नोकरी कायम झाली असती, आणि जगात सगळं छान झालं असतं. फक्त आईच्या मागची गाडी सोडून.

"सर," मी म्हटलं, "घाटात भावाच्या मागून दुसरी गाडी येणार. तीही आपलीच. तिला स्पेशल लायनर नसणार. तिचा ड्रायव्हर ब्रेक दाबणार, गाडी थांबणार नाही, आणि तो येऊन आमच्याच बुडात घुसणार. मग भावाचे चांगले लायनर काय चाटायचे?"

साहेबांना 'बूड' हा शब्द बहुतेक कुणा इंजिनिअरच्या तोंडून नवीन होता. ते म्हणाले, "तुम्हाला कायम व्हायचंय ना?"

"व्हायचंय," मी म्हटलं. "पण चहा चाचणीनंतर."

मी काकांच्या शेजारी बसले, अधिकारी पलीकडे दाराशी. ट्रॅक आमच्या आवारातलाच, शेवटी पांढरी रेष. वेग, ब्रेक. वेग, ब्रेक. काका तोंडात पुटपुटत होते. नामस्मरण की शिव्या, कळत नव्हतं. वास सुटायला लागला. अधिकाऱ्याने नाक वर केलं. ट्रॅकच्या कडेला कँटीनच्या मावशी ट्रे घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्या पुढे, रेषेच्या अगदी पलीकडे, साहेब स्वतः. हातात कप. तो कप ते आम्हाला दिसेल असा उंच धरून हलवत होते. स्टेशनवर लाल झेंडी दाखवावी तसा.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "थांबू का मॅडम? चहा आलाय."

"नाही काका. वेग घ्या. शेवटचा."

"साहेब बोलावतायत."

"चाचणी साहेबांची नाही, गाडीची आहे. घ्या."

काकांनी वेग घेतला. मी खूण केली, त्यांनी ब्रेक दाबला. पाय जमिनीला टेकेल इतका दाबला, दात-ओठ खाऊन दाबला. गाडी कुरकुरली, रेषेपाशी आली आणि रेष ओलांडून पुढे निघाली. साहेब कपासकट उभे होते. त्यांना वाटलं असावं, की आपल्याला बघून तरी थांबेल. गाडीला हुद्दा कळत नाही. शेवटच्या घटकेला त्यांनी कप टाकला आणि उडी मारली, ती चांगली लांब गेली. मावशी ट्रे सांभाळून आधीच बाजूला झाल्या होत्या. गाडी साहेबांच्या जागेवरून पुढे जाऊन मग थांबली.

काकांचा पाय अजून ब्रेकवरच होता. "मी पूर्ण दाबला होता मॅडम. आईशप्पत, पूर्ण दाबला होता."

"माहीत आहे काका," मी म्हटलं. "तुमची चूक नाही."

मावशींनी साहेबांना उठवलं, पाठीवरची माती झटकली आणि म्हणाल्या, "अहो, गाडी येताना मधी उभं राहतात का? पोरं असं करत नाहीत." साहेब पांढरेफटक पडले होते. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते काही रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "ती थांबलीच नाही हो." मी म्हटलं, "तेच दोन रिपोर्टमध्ये लिहिलं होतं सर."

अधिकाऱ्याने खिशातून पेन काढलं. नापास. मग चहा मागितला आणि अगदी सावकाश, बशीत ओतून प्यायला.

त्यानंतरचं काही नाट्यमय नाही. विक्री थांबली. ज्या गाड्या आधीच विकल्या होत्या त्या परत बोलावून त्यांचे लायनर बदलावे लागले. काका शेडमध्ये मान खाली घालून ते काम करत राहिले आणि प्रत्येक गाडीला, न विचारता, कुंकू लावत राहिले. मला कुणी शाबासकी दिली नाही. उलट माझं कायम होणं बरंच लांबवलं, दोन मीटिंगांमध्ये 'अॅटिट्यूड' हा शब्द आला, आणि मी मीटिंग संपल्यावर डिक्शनरीत बघितला. वाईट नाही, चांगला शब्द आहे. साहेबांची बदली झाली. वरच्या पदावर.

दादाला गाडी दिवाळीनंतर मिळालीच नाही. तो सीझन पाडा पुन्हा दुसऱ्याच्याच पिकअपमधून गेला, आणि दादा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. आई बोलायची. म्हणायची, "नापास केलीस नं? मंग झालं. रडतो कशाला तो."

पुढच्या हंगामात त्याला गाडी मिळाली. आता आमच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक पिकअपला तेच लायनर बसतात जे पूर्वी फक्त निवडक गाड्यांना बसायचे, आणि वेगळी गाडी तयार करायची ती शेड बंद झाली आहे. मी कायम झाले आहे आणि चाचणी विभाग माझ्याकडे आहे.